वजनात न बसलेली शिदोरी

बिश्केक, २८ जून

ति. बुरुल एजेस,
धाकट्या भावाचा, अस्कातचा, छातीवर हात ठेवून सलाम. वि. वि.

तालायच्या टॅक्सीतून तुमचं पत्र परवा पोचलं. वर कुरणावर फोनला रेंज नाही हे माझ्या दृष्टीने बरंच आहे, नाहीतर तुम्ही मला रोज पहाटे उठवून शिव्या घातल्या असत्या. घोडी व्याली हे वाचून आनंद झाला. शिंगरू आईवर गेलंय की बापावर, ते कळवा.

आता मुद्द्याचं. मला जिपार हवी आहे. सहा दिवसांसाठी भाची उसनी द्या. ज्या कंपनीच्या वर्कशॉपात मी सायकली जुळवतो, ती परदेशी लोकांना डोंगरातून सायकलवर फिरवते. तंबू, अंथरूण, खाणं सगळं सायकलवरच, मागून गाडी नाही. त्यांना दोन वाटाडे कायमचे नेमायचे आहेत, त्यातली एक बाई हवी. ऑगस्टात नारिनहून निघून तीन खिंडी ओलांडून जी जोडी परत येईल, तिला नोकरी. गेल्या उन्हाळ्यात जिपार इसिक-कुलच्या चढावर मला मागे टाकून पुढे जाऊन झाडाखाली झोपली होती, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण खरं आहे.

तिच्यासाठी सायकलही हेरून ठेवली आहे. लोखंडी सांगाड्याची, रुंद टायरची. हलकी ॲल्युमिनियमची होती, पण लोखंड मोडलं तर कुठल्याही गावातला वेल्डर जोडून देतो. कॅरिअर लावायचं नाही, ते दगडांवर खुळखुळून तुटतं. एक वळकटी हँडलला, एक पिशवी सांगाड्याच्या पोटात, एक सीटखाली. अट एकच, भरलेली सायकल चोवीस किलोंच्या आत. साहेब स्वतः काट्यावर लटकवून बघतात. खाण्याला सुका मेवा, शेवयांची पाकिटं आणि बोटाएवढ्या चॉकलेटच्या कांड्या.

नाही म्हणू नका. ती तिथे म्हशीसारखी दुधाच्या बादल्या वाहून म्हातारी होईल. माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमचा,
अस्कात

*

कुरणावरून, ९ जुलै

चि. अस्कातला,
अ. उ. आ. तब्येत सांभाळ.

शिंगरू बापावर गेलंय, तोंडावर पांढरा पट्टा आणि अंगात तुझ्याएवढाच शहाणपणा.

आमच्याकडे म्हशी नाहीत, याक आहेत, हे शहरात जाऊन विसरलास वाटतं. तुझं पत्र जिपारने माझ्याआधी वाचलं. तेव्हापासून ती दूध काढताना गाणी म्हणते, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय राहिलेली नाही. तरी ऐक. पोरीचा बाप रशियाला कामाला गेला त्याला सात वर्षं झाली. जाताना चावलेली त्याची रोटी अजून तंबूच्या जाळीच्या भिंतीला फडक्यात टांगलेली आहे. आईने ओशकडून आणलेली ही रीत तुला ठाऊक आहे. जाणाऱ्याने एक घास चावायचा, उरलेली रोटी घरात टांगायची, परत आल्यावर त्याने ती स्वतः संपवायची. माझ्या घरात अशी एक रोटी पुरे आहे. म्हणून तुला सांगते, पोरीला नेतोस तर पोरीला आणून सोड. बाकी मला तुझ्या नोकरीतलं काही कळत नाही.

जिपारबरोबर शिदोरी पाठवतेय. मेंढीच्या पोटात भरलेलं लोणी, भाजलेलं पीठ, दही सुकवून वळलेले कुरुतचे आंबट गोळे. यातल्या कशालाच चूल लागत नाही, हे लक्षात ठेव. बापू जनावरं घेऊन खिंडी ओलांडायचे तेव्हा त्यांच्या घोड्यावरच्या खुरजीत दुसरं काही नसायचं. शिवाय एक मेंढीचं कातडं खाली घालायला आणि तिच्यासाठी विणलेले लोकरी मोजे. ऑगस्टात बर्फ पडतो तो काही तुझ्या साहेबाला विचारून पडत नाही.

जिपार इथून घास चावून निघेल. तुझ्यासाठी वेगळी रोटी तिच्याबरोबर देतेय. चाव आणि उरलेली तालायकडे परत पाठव. मी दोन्ही शेजारी शेजारी टांगीन. पत्र लिही, नुसत्या गप्पा नकोत.

तुझी,
बुरुल एजे

*

बिश्केक, ४ ऑगस्ट

ति. बुरुल एजेस,
सलाम. वि. वि.

जिपार सुखरूप पोचली. वर्कशॉपातल्या सापार आकांनी तिच्या हातचा चहा पिऊन माझ्या हातचा चहा कायमचा सोडला आहे. रोटी चावली, मोठा घास घेतला, तालायकडे दिली आहे. घास मोठा का घेतला म्हणून रागावू नका, तुमची रोटी चार महिन्यांनी खाल्ली.

तयारी झाली. जिपार आता टायर सहा मिनिटांत बदलते. तुमची सगळी शिदोरी सायकलवर चढली. लोणी आणि पीठ सांगाड्याच्या पोटातल्या पिशवीत असं बसलंय की जसं तिच्यासाठीच शिवलं होतं. कातडं वळकटीत, मोजे तिच्या पायात. काट्यावर तेवीस किलो नऊशे भरले, साहेब हसले.

दहा तारखेला नारिनहून निघू, सोळाला खाली उतरू. तोवर जीव टांगणीला लावून बसू नका. जिपार म्हणते, आईला सांगा की शिंगराचं नाव मी आल्यावर ठेवायचं.

लोभाची भूक असलेला,
अस्कात

*

कुरणावरून, १४ ऑगस्ट

अस्कात,

हे पत्र तुला परतल्यावर मिळेल. तोवर काय काय झालेलं असेल ते मला आज माहीत नाही.

दुधाच्या गाडीतून तालायबरोबर आज एक गाठोडं आलं. फडकं माझं, गाठ माझी, मी मारलेली तशीच. आत लोणी, पीठ, कुरुत. कातडं वेगळं दोरीने बांधलेलं आणि त्यात मोजे खोचलेले. तालायने सापार आकांचा निरोप सांगितला. साफसफाई करताना बाकाखाली हे सापडलं. थोरल्या बहिणीने प्रवासासाठी बांधलेली शिदोरी आहे, ती आम्ही कोणी खाऊ नये आणि फेकूही नये. घाईत मुलं विसरली असतील, तर जिच्या हातची आहे तिच्या हातात परत जावी, असं ते म्हणाले. म्हातारा बिचारा तुझी बाजू सावरत होता.

विसरलास असं मीही समजले असते. पण तुझं पत्र माझ्याजवळ आहे. पोटातल्या पिशवीत बसलंय म्हणे, तिच्यासाठी शिवल्यासारखं. मी ते तीनदा वाचलं.

काल दुपारपासून इथे बर्फ पडतोय. तंबूच्या दारात गुडघाभर साचलाय. तुम्ही माझ्यापेक्षा वर आहात. शेजारचा कुबात दोन घोडी घेऊन शोधायला निघालाय, पण कुठल्या खिंडीत शोधायचं तेही तू कधी नीट लिहिलं नाहीस. मी काय करू? मी तुझी आणि तिची रोटी बघत बसलेय.

बुरुल

*

बिश्केक, २५ ऑगस्ट

ति. एजेस,
सलाम करायला तोंड नाही, तरी सलाम.

तुमचं पत्र परत आल्यावर वाचलं. गाठोडं तुमच्याकडे पोचेल असं कधी मनात आलं नाही. खोटं लिहिलं, हे कबूल. पण का लिहिलं तेही ऐका. सगळं चढवलं तेव्हा काटा सत्तावीसवर गेला. साहेबांनी ड्रोन दिला होता, वरून चित्रं काढायला. तो आणि त्याच्या बॅटऱ्या न्यायच्याच होत्या. काय कमी करू? टायर काढू? तंबू काढू? तुमच्या गाठोड्याचं वजन तीन किलो शंभर होतं. कांड्यांमध्ये तेवढ्याच ताकदीचं खाणं एका किलोत बसत होतं, पाकिटावर लिहिलेलं होतं. परत आल्यावर गाठोडं तुमच्यासमोर सोडून खाऊ आणि हसू, असं ठरवलं होतं. मोजे तिच्या बुटात जात नव्हते, चढाचे बूट घट्टच लागतात.

दुसऱ्या खिंडीखाली तेरा तारखेला बर्फ सुरू झाला. आम्ही तंबू ठोकला. थंडीत गॅसची ज्योत काडीएवढी यायची, त्यावर पाणी कोमटही होईना, शेवया तशाच राहिल्या. कांड्या दगडासारख्या झाल्या, काखेत धरून मऊ करायच्या. पंधराला सकाळी अर्धी कांडी उरली. जिपारचे पाय बधिर झाले होते, म्हणून मी एकटा खाली उतरलो. चार तास चालल्यावर धनगर भेटले. त्यांच्या घोड्यावरून तिला संध्याकाळपर्यंत खाली आणलं आणि रात्रीच नारिनच्या दवाखान्यात नेलं. मदत मी आणली, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

तुम्ही दुपारी पोचलात आणि मी सकाळीच निघालो होतो, हे तुम्हाला लागलं असेल. कंपनीची गाडी आली होती, अहवाल द्यायचा होता. नाही, खरं लिहितो. तालायचा फोन आला की तुम्ही वाटेत आहात, आणि माझे पाय गाडीकडे वळले. डॉक्टर म्हणत होते की बोटं वाचतीलही.

एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगतो. कंपनीने मला नेमलं. चित्रं फार चांगली आली आहेत. जिपारच्या जागेसाठी मी बोललो, पण ते थांबायला तयार नाहीत.

माफीलायक नसलेला,
अस्कात

*

नारिनचा दवाखाना, ६ सप्टेंबर

अस्कात तायके,
भाचीचा नमस्कार.

आईने मला लिहू नको म्हटलं नाही आणि लिही असंही म्हटलं नाही. ती दिवसभर लोकर विंचरत बसते.

उजव्या पायाची तीन बोटं काढली. चालता येईल म्हणतात. पेडल मारता येईल का, असं मी विचारलं तर डॉक्टर आईकडे बघू लागले. शिंगराचं नाव ठेवायचं राहिलंय, ते अजून बिननावाचंच पळतंय.

गाठोडं बाकाखाली सरकवताना मी शेजारीच उभी होते. तुम्ही आईला एकट्याने केल्यासारखं लिहिलंत, म्हणून हे सांगते. मी गप्प बसले, कारण मलाही नोकरी हवी होती. कातड्यावर दही सांडल्याचा वास येतो असं म्हणून मी हसलेही होते. त्यामुळे गाठोड्याचा राग मी तुमच्यावर धरत नाही. तो आम्ही दोघं अर्धा अर्धा वाटून घेऊ.

राग पंधराच्या सकाळचा आहे. तुम्ही तंबूतून निघालात तेव्हा मी डोळे मिटून होते, झोपले नव्हते. उरलेली अर्धी कांडी तुम्ही माझ्या उशाशी ठेवलीत, ते मी पाहिलं. तुमचं जॅकेट माझ्या अंगावर घालायचं की नाही असा थोडा विचार केलात, मग स्वतः घातलंत, तेही ठीक, तुम्हाला चालायचं होतं. पण त्यानंतर तुम्ही ड्रोनची पेटी माझ्या झोपायच्या पिशवीतून काढून घेतलीत. बॅटरी गार पडू नये म्हणून रात्रभर ती माझ्या पायांशी ठेवली होतीत आणि त्या पेटीसाठी माझे पाय पिशवीच्या गार कडेला सरकवावे लागले होते. ती तुम्ही सदऱ्याच्या आत छातीशी बांधलीत आणि मग गेलात. मी दिवसभर कुरुतच्या एका गोळ्याचा विचार करत होते. लहानपणी तुम्ही मला कुरुत चघळायला द्यायचात आणि सांगायचात की हा संपेपर्यंत रडायचं नाही.

तुम्ही पाठवलेली नवी सायकलची पिशवी मिळाली. चांगली आहे. आईने तिच्यात लोकर भरून ठेवली.

जिपार

*

अत-बाशी, २९ सप्टेंबर

अस्कातला,
आशीर्वाद.

आम्ही कुरणावरून खाली गावात उतरलो. जिपार घोड्यावरून आली. शिंगराचं नाव तिने ठेवलं, काय ते तिलाच विचार, तुला सांगायचं असेल तर सांगेल.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात तू दहा-दहा परदेशी लोक घेऊन आमच्या कुरणावरून जाणार आहेस, आणि ते एक रात्र माझ्या तंबूत राहतील का, असं तू विचारलंस. लोणी आणि कुरुत त्यांना चाखायला मिळालं तर त्यांना आवडेल, कंपनीच्या कागदावर ते छापताही येईल, असंही लिहिलंस. मी ते जिपारला वाचून दाखवलं नाही. तुझे लोक आले तर त्यांना मी जेवू घालीन. दाराशी आलेल्याला जेवू घालते, त्यांची काही चूक नाही. तू बरोबर नसशील तर बरं.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या दिवशी जिपारने आपली रोटी उतरवली. कडक झाली होती. चहात बुडवून तिने सगळी संपवली, एक तुकडाही कोणाला दिला नाही. मी बघत होते आणि मला रडू आलं. सात वर्षांत या घरात अशी रोटी पहिल्यांदा संपली.

तुझी तिच्या शेजारी टांगलेली होती. मी म्हटलं, येईल. नारिनला थांबला नाही, घाबरला असेल, लहानपणीही भांडं फोडलं की तबेल्यात लपायचा. घरी परतल्यापासून रोज कुत्रं भुंकलं की मी दाराकडे बघायची. तू पत्रं पाठवलीस, पिशवी पाठवलीस, मिठाई पाठवलीस, तालायच्या गाडीत सगळं बसलं. तेवढा तूच बसला नाहीस.

जिपारच्या बापाची रोटी जिथे आहे तिथेच राहील. ती मी काढणार नाही. तो परत आला नाही, पण कुठे जातोय आणि काय घेऊन जातोय हे त्याने मला खरं सांगितलं होतं. तुझी मात्र मी आज उतरवली आणि तालायच्या हाती देतेय. कोणाची रोटी अशी परत पाठवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. आईने ऐकलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. पण आता ती माझ्या भिंतीला नको. ती खायला तुला इथवर यायची गरज उरली नाही.

त्याच जुन्या फडक्यात बांधली आहे, गाठ पक्की आहे. चौकातल्या दुकानात काट्यावर ठेवून आणली, म्हणजे तुला पुन्हा तोलत बसायला नको. एकशे दहा ग्रॅम भरली.

बुरुल