उजव्या मांडणीतले उंदीर

४ फेब्रुवारी

कान लाल झाले! प्रयोगशाळेतल्या दोन्ही मांडण्यांतल्या सगळ्या उंदरांचे. प्रयोग करणाऱ्या बाई म्हणाल्या, "होणारच, मावशी. त्यांच्या खाण्यातून मॅग्नेशियम काढलंय." ते कमी पडलं की रक्तवाहिन्या ताठरतात म्हणे. उजव्या मांडणीच्या खाण्यात द्राक्षाच्या सालींची पूड आहे — तिच्यातल्या अँटिऑक्सिडंटने वाहिन्या मऊ राहतात का, ते बघायचंय. पिंजरे धुणारीला हे सगळं कोण सांगतं? मीच विचारत बसते.

मला हवंय ते उत्तर. माझ्या मुलीच्या अंगातही मॅग्नेशियम टिकत नाही, लघवीवाटे जातं. बत्तिसाव्या वर्षी रक्तदाब, पायांत गोळे. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी पोट बिघडतं. "डॉक्टर म्हणतात भरत राहा. खालचं भोक कोण बुजवणार, आई?" आणि वर हसते.

९ फेब्रुवारी

पिंजरा सरकवल्याच्या आवाजाने उजवीकडच्या एकाला झटका आला. पाय ताणून पडला. बघवेना. त्यांना यंत्रातलं पाणी देतात, त्यात काही म्हणजे काही नसतं. उजवी मांडणी दाराआड, तिच्याकडे कोण बघतंय? त्या सगळ्यांच्या बाटल्या नळाखाली भरल्या. पाणीच तर आहे! आता रोज भरेन.

१७ फेब्रुवारी

हे जाऊन आज अकरा वर्षं. यांचाच चष्मा लावून बाईंनी टाकलेले कागद वाचले. निम्मं डोक्यावरून गेलं. "आली डॉक्टरीण!" म्हणाले असते.

१२ मार्च

बाईंनी दाखवलं — रक्तवाहिनीची बारीक कडी, तारेला टांगून काचेच्या भांड्यात सोडलेली. औषधाचा थेंब पडला की सैल व्हायला हवी. डावीकडची हटूनच बसली. उजवीकडची सैलावली! बाईंनी मला मिठीच मारली.

तडक मुलीकडे गेले. पूड मी करून आणते म्हटलं. "मग गोळ्या बंद," ती म्हणाली. "तुझे उंदीर म्हणतात म्हणजे झालंच."

२ एप्रिल

पूड पोचवली. पोट शांत आहे म्हणते. तोंडावर रंग आलाय — की मलाच वाटतंय?

९ एप्रिल

बाईंना सहज विचारलं, यंत्राचंच पाणी का? "नळाच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं ना, मावशी! आपल्याकडे तर भरपूर."

म्हणजे उजवीकडची कडी सैलावली ती पुडीने नाही. माझ्या पाण्याने!

तशीच मुलीकडे. "गोळ्या सुरू कर. मी चुकले." तर म्हणते, "घेते गं, घेतेच आहे." तिचं 'घेते' मला माहितीय. लहानपणी दूध मोरीत ओतून 'प्यायले' म्हणायची. हातापाया पडले. नुसती हसली.

१० एप्रिल

बाईंना सांगितलं. बराच वेळ बोटाने टेबलावरचा डाग पुसत राहिल्या. "पूड उपयोगी असेलही, मावशी. आता कळायचं नाही. सगळं पुन्हा करायला लागेल." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल

मुलीला झटका आला. दवाखान्यात आहे. शिरेतून मॅग्नेशियम देतायत. डोळे उघडत नाही. मी केलं हे. माझ्या हाताने.

१५ एप्रिल

जावई बाकावर शेजारी येऊन बसला. "रडू नका, आई. तिने एकही गोळी चुकवली नाही, मी बघायचो ना. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बंद केल्या म्हणायची."

म्हणजे गोळ्या चालू असतानाच झालं हे.