राखाडी बांगडी

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा एक ‘नवा जेड’! दुकानदार छाती काढून आमच्या रत्नांच्या प्रयोगशाळेत दाखला मागायला घेऊन आला — सर, एकदम खानदानी माल. खानदानी कसला, सर्पेंटाइन! सुरीचं टोक लावलं की ओरखडा उठतो, असलं मऊ खानदान. मी म्हटलं, हा नवा नाही आणि जेड तर नाहीच, मग उरलं काय? म्हणे, ‘पण सर, बाजारात असंच म्हणतात.’ बाजारात! बाजारात गारगोटी हिरव्या रंगात बुडवून तिला जेड म्हणतात, हिरव्या गार्नेटला जेड म्हणतात. उद्या दुधी भोपळ्यालाही म्हणतील.

घरी आलो तर रंगारी हॉलची भिंत संपवून चहा पीत बसलेला. पांढरा सांगितला होता, दिलाय पिवळट. ‘साहेब, डबा बघा, शुभ्र लिहिलंय.’ डब्यावर लिहिलेलं खरं मानायचं तर माझ्यासारख्यांनी घरीच बसावं. ही म्हणते, ‘अहो, पांढराच आहे की.’ हिला काय, कुणाशी वाद नको एवढंच.

बुधवार, ६ मार्च

दर बुधवारी प्रयोगशाळेतल्या मंडळींना तासभर शिकवायचं, ही आमच्या मालकांची हौस. आज जेडचं नाव घेतलं. स्पॅनिश लोकांनी परमुलखात हा दगड पाहिला. तिथली माणसं दुखण्यावर तो कुशीला लावतात असं ऐकलं, म्हणून ‘कुशीचा दगड’. ते नाव देशोदेशी झिजत झिजत जेड झालं. नेफ्राइट हे नाव तर सरळ मूत्रपिंडावरून! म्हणजे इतका मानाचा दगड, आणि त्याचं बारसं केलं कुण्या कंबरदुख्यानं.

वर गंमत अशी की जेड हा एक दगड नाहीच. नेफ्राइट वेगळा, जेडाइट वेगळा. घटक पाहिले तर दोघांचं गोत्रसुद्धा जुळत नाही. तरी शेकडो वर्षं एका नावाखाली नांदले आणि सगळे विद्वान माना डोलवत राहिले. एकोणिसाव्या शतकात एका रसायनज्ञानं तपासून सांगितलं तेव्हा कुठे डोळे उघडले. लाल स्पिनेलचं तेच — माणिक म्हणून मुकुटात जाऊन बसला, आणि एका राजाला शंका येईल तर शपथ!

मंडळी जांभया देत होती. एकटी चिमटाबाई जागी. (आमची नवी तपासनीस. हातातला चिमटा सुटत नाही, आणि बोलणंही तसंच, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. तोंडावर नाही म्हणत.) तिचा हात वर. ‘सर, त्या लोकांना खात्रीच होती ना? मग खात्री असलेल्या माणसाला आपली चूक कळावी कशी?’

मी म्हटलं, ‘शिकलेला माणूस बघतो. न शिकलेला मानतो.’

वाक्य चांगलं झालं. तिनं लिहून घेतलं नाही.

शनिवार, ९ मार्च

हिनं कपाटातून आईची बांगडी काढली. लेकीला द्यायची म्हणते. ‘माझ्या आईची जांभळी बांगडी.’ जांभळी! जेडाइट आहे हे कबूल. हातात घेतल्यावर वजन कळतं, दोऱ्याला टांगून टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते. पण रंग राखाडी. धुतलेल्या पाटीसारखा.

हिच्या रंगांबद्दल काय बोलावं! वांगी, डाळिंबी, पोपटी — रंग सांगते की भाजी आणायला पाठवते, कळत नाही. तसं म्हटलं तर चिडली. ‘लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, काय सुंदर जांभळी आहे म्हणून.’

लग्नात मला दगडातलं काय कळत होतं? तेव्हा मी बांगडी बघत नव्हतो, हात बघत होतो. हे तोंडानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं कदाचित. मी म्हटलं, ‘सोमवारी प्रयोगशाळेत नेतो. लेखी आणून देतो, मग बोल.’

बुधवार, १३ मार्च

आमची पद्धत अशी: दगडाला फक्त नंबर. कुणाचा, कुठला, काही सांगायचं नाही. दोघांनी वेगवेगळं, त्याच पेटीत, त्याच दिव्याखाली, पांढऱ्या कागदावर ठेवून बघायचं आणि रंगाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. बोलायचं नाही. चिठ्ठ्या जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर माझा शब्द शेवटचा. ही पद्धत मीच बसवली, आणि आजवर कुणाची तक्रार नाही.

बांगडी नंबर घालून पेटीत ठेवली. मी लिहिलं — राखाडी. चिमटाबाईनं लिहिलं — फिकट जांभळा, स्वच्छ.

फिकट जांभळा! वर ‘स्वच्छ’! क्षणभर वाटलं, घरून हिनं फोन तर केला नसेल तिला? दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत. मी म्हटलं, ‘पुन्हा बघ.’ पुन्हा बघितलं. ‘सर, जांभळाच आहे.’ म्हटलं, ‘दिव्याची काच पिवळी पडलीय, तरी तुला जांभळा दिसतो?’ तर म्हणे, ‘दिवा गेल्याच आठवड्यात बदललाय, सर. मीच बदलला.’

दिवेही हल्ली भिकार येतात.

दाखल्यावर राखाडी छापायला सांगितलं.

सोमवार, १८ मार्च

चिमटाबाईचे उमेदवारीचे सहा महिने या महिनाअखेर संपतात. कायम करायचं की नाही ते माझ्या शेऱ्यावर. चांगली नोकरी सोडून, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन या शहरात आलीय. हे तिनं नाही सांगितलं, मालकांनी सांगितलं, मला पाझर फुटावा म्हणून. पाझर आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी अन्याय नको म्हणून तिला बटनांच्या परीक्षेला बसवलं. रंगांची बटनं असतात, एकापेक्षा दुसरं केसभर वेगळं. सगळी विस्कटून द्यायची आणि ओळीनं लावायला सांगायचं. तिनं मान वर न करता लावली. एक चूक नाही.

संच जुना झालाय. बटनं हाताळून मळलीत, निळी तर सगळी सारखीच दिसतात. अशा संचावर कुणीही पास होईल.

मालक होते तिथे. चिमटाबाई अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली, ‘सर, तुम्ही शेवटची कधी दिली होती ही?’

‘पेपर काढणाऱ्यालाच पेपर सोडवायला सांगतेस?’

मालक हसले. ती हसली नाही.

गुरुवार, २१ मार्च

दाखला घरी नेला. हिनं वाचला, घडी घातली, डब्याखाली ठेवला. मग लेकीला फोन. आत होतो, सगळं ऐकू येत होतं. ‘नाही गं, नाही देत तुला. बाबांनी लेखी आणलंय, राखाडी आहे म्हणून. आता माझ्याच हातात राहू दे.’ तिकडून लेक काहीतरी बोलली. ही म्हणाली, ‘आजी काय खोटं बोलायची का!’ आणि फोन ठेवला.

जेवताना पाहिलं तर बांगडी हातात. साबण लावून चढवली म्हणे. मनगट लाल झालं होतं. ‘आता निघणार नाही,’ म्हणाली, ‘हाड मोडल्याशिवाय.’

सत्य सांगितलं की घरात अबोला. ‘नवा जेड’ विकणाऱ्याच्या घरी मात्र आनंदीआनंद असेल.

शुक्रवार, २२ मार्च

आज तीन नीलम आले. तिन्ही काळपट, जीव नसलेले. खाणी संपल्या आणि पारखीही संपले. चिमटाबाई शेजारून बघत होती. तोंड उघडलं आणि मिटलं. शिकली म्हणायची.

रविवार, २४ मार्च

एका पायात निळा मोजा आणि एका पायात काळा घालून लग्नाला जाऊन आलो. चप्पल काढायच्या ठिकाणी मेहुण्यानं दाखवलं, सगळ्यांसमोर, पोट धरून हसत. हल्ली निळा रंग टिकतच नाही. दोन धुण्यांत काळा! कपड्यांच्या कारखानदारांना काही लाजलज्जा?

मंगळवार, २६ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे जाऊन आलो. भिंगातून बारीक चीर नीट दिसत नाही आणि संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात, म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलाय म्हणाली. हे नाव कुणी ठेवलं? ना मोती, ना बिंदू! दगडांना माणसांची दुखणी चिकटवली आणि माणसांच्या दुखण्यांना रत्नं. बारशाला बसवलेली माणसं सगळीकडे सारखीच.

आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया, महिन्याभरानं डाव्याची. विचारत होती, ‘रंगांमध्ये काही फरक जाणवतो का?’

म्हटलं, ‘बाई, रंगांचं मला विचारू नका. मी रंगांवरच पोट भरतो.’

काहीतरी सांगणार होती. राहू दिलं तिनं. शहाणी आहे.

शनिवार, ३० मार्च

शेरा लिहिला. चार वेळा फाडला हे खरं. मुलगी कामाला वाघ आहे. दगड कधी पाडला नाही, दुकानदारांपुढे वाकत नाही. पण रंग दिसत नसेल तर पुढे काय? आज बांगडीचा रंग चुकली, उद्या कुणाच्या माणकाचा चुकेल, आणि दाखल्याखाली सही माझी.

तिला बोलावून वाचून दाखवला. पाठीमागून लिहिणं माझ्या स्वभावात नाही. ‘कामात चोख. रंगदृष्टी मात्र भरवशाची नाही. कायम करू नये.’

ती म्हणाली, ‘सर, ती बांगडी कुणाची होती?’

म्हटलं, ‘नंबरची होती.’

‘ज्यांची असेल त्यांना सांगा, सुंदर आहे. राखाडी म्हणून कपाटात टाकू नका.’ डोळे भरले होते, पण आवाज ताठ. मग म्हणाली, ‘तुम्ही म्हणाला होतात ना, शिकलेला माणूस बघतो? तुम्ही बघितलंत, सर. पण मला पुन्हा बघायला लावलंत तसं स्वतः पुन्हा बघितलं नाहीत.’

उर्मट! चिमटा म्हणतो ते उगीच नाही.

शेरा मालकांच्या टेबलावर ठेवून आलो. ते शुक्रवारी सही करतील. तोवर ती येईल, मग नाही.

सोमवार, १ एप्रिल

ती वेळेवर आली. नेहमीसारखं काम. माझ्यासमोर चहाचा कपही ठेवला. एवढा राग आला मला! भांडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, ३ एप्रिल

उजवा डोळा झाला. कळलंही नाही. पट्टी उद्या निघेल. आतल्या खोलीत एक म्हातारा परिचारिकेवर ओरडत होता, चादर मळकी आहे म्हणून. माझीही मळकीच होती, पण मी बोललो नाही. ही शेजारी बसून होती. दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोलली — ‘पाणी हवंय?’

गुरुवार, ४ एप्रिल

भिंत पांढरी आहे.

सकाळी पट्टी काढली. घरी आल्यावर ही थेंब घालायला वाकली. मनगटात बांगडी. उजवा डोळा मिटला — राखाडी. डावा मिटला — जांभळी! स्वच्छ, फिकट, लग्नात पाहिली होती तशी. पुन्हा मिटून बघितलं. पुन्हा, पुन्हा तेच. इतकी लाज वाटली की थेंबाआधीच डोळा वाहायला लागला.

‘जांभळी आहे,’ म्हटलं.

‘माहीत आहे. हलू नका, थेंब गालावर चाललाय.’

मालकांना फोन लावला, शेरा बदलायचाय म्हटलं. म्हणाले, ‘का? वाक्य चुकलं का काही?’

वाक्य बरोबर आहे, म्हटलं. वर नाव तेवढं माझं घाला.