प्रत्येक मुक्कामाला एक माणूस

मुलुंड,
मार्गशीर्ष, १९८६

प्रिय अनुपमा,

श्रीहरीच्या कृपेने तू वसतिगृहात सुखरूप आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. हल्ली जपाला बसले की आधी तुझा तो खेळच आठवतो. भगवंत समजून घेईल.

दिवाळीच्या सुट्टीत, तुझा मित्र चंदू, त्याच्या मामांनी अमेरिकेहून पाठवलेला तो खेळ तुम्ही माझ्या खाटेशी मांडलात. पट नाही, सोंगट्या नाहीत. अनेक पैलूंचे फासे, आणि तू सांगशील त्या कथेत बाकीच्यांनी पात्रे होऊन वागायचे. कथेतल्या प्रवासात राजवाडा येईपर्यंत मात्र सारे जांभया देत. तू म्हणायचीस, दहा दिवस चाललात. मग फासा टाकून चोर आले का पाहायचे, की पुन्हा दहा दिवस. मला राहवले नाही. म्हटले, अगं, वनवासाची कथा ‘गेले आणि परत आले’ एवढीच सांगितली, तर कीर्तनाला बसेल कोण? प्रत्येक मुक्कामाला एक माणूस ठेव. त्याला काहीतरी हवे असू दे, आणि त्याच्यामुळे पुढची वाट बदलू दे.

दुसऱ्याच दिवशी तुझ्या नदीवर नावाडी आला. त्याला नाणे नको होते. घाटापलीकडे गेलेल्या लेकाला निरोप धाडायचा होता. त्या निरोपापायी सर्वांनी जवळची वाट सोडली. मलाही तू म्हातारी जोगीण करून सोबत घेतलेस. ती घाट चढली तेव्हा चंदू म्हणाला, आजी, तुमची जोगीण डोंगर चढते आणि तुम्ही साध्या दारापर्यंत येत नाही, हे काय यार! सारे हसले, मला हसता आले नाही. मी न्हाणीघरात पडले होते, पायाचे हाडही जुळले होते, आता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी पुन्हा पडण्याचे भय मला देवापेक्षा मोठे झाले होते.

तू गेल्यावर एके सकाळी शेजारची शेवंती तिच्या दारातूनच म्हणाली, एका ओवीचा अर्थ अडलाय, या ना जरा. भिंत धरून गेले. पुढे काही दिवसांनी तिने फुलवाती दिल्या, म्हणाली, फाटकावरच्या गुणाजीच्या चौकीतल्या दत्ताच्या तसबिरीला तेवढ्या पोचवा, माझं दूध चुलीवर आहे. कठडा धरून जिना उतरले. पहारा सोडून गुणाजी म्हणाला, आजी, बसा मगे, आणि गावच्या भावकीचे सारे गाऱ्हाणे माझ्यापुढे मांडले. ते ऐकताना मला उमगले, की हे मुक्काम कोणाच्या हातचे आहेत. मी कोणाला काही विचारले नाही. कृतज्ञतेला पुरावा लागत नाही.

फाटकापुढे नाक्यावर टपालाची लाल पेटी आहे. गुणाजी रोज फाटकाशी उभा राहून म्हणतो, थंयपर्यंत जावन येवा, मी हयसून बघतंय. परंतु त्या पेटीला काय हवे, हे तू कोणाला सांगून ठेवले नव्हतेस. ते माझे मलाच सुचले, म्हणून हे पत्र. आज काठी टेकीत मी ते स्वतः टाकणार आहे. तुझ्या हाती पडले, तर जोगीण पोहोचली असे समज.

तुझीच,
वनमालाआजी