खुर्चीचे पाय

बाबा,

नमस्कार. मी आता तुमची सून नाही, पण लाकडातलं तुमच्याइतकं कळणारा दुसरा सुतार माझ्या ओळखीत नाही, म्हणून विचारते.

तुमचा लेक वेगळा झाला आणि मी घर नव्यानं लावायला घेतलं. ओढाताण होती, म्हणून उरलासुरला रंग कालवून भिंती रंगवल्या आणि मागच्या बागेत काकडी लावली. वेलांना आधार हवा होता. तुम्ही लग्नात करून दिलेली त्याची खुर्ची मी मोडली आणि तिचे चार पाय वाफ्याच्या चार कोपऱ्यांत रोवले. रागावू नका. त्या खुर्चीतून न उठता तो घर चालवायचा. पाणी दे, दिवा लाव, कुठे निघालीस?

वेल वाढले, पण एकही त्या पायांना धरेना. मग पायांनाच पालवी फुटली. इतकी वर्षं पॉलिश प्यायलेल्या लाकडाला पालवी फुटते का, बाबा? शेजारीण म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे हो." मी हसले आणि तिची पाठ वळताच पाय उपटायला गेले. ते हलेनात. खणलं, तर सगळी मुळं एकाच बाजूला गेलेली. घराकडे.

आज स्वयंपाकघरातल्या चार फरश्या वर आल्यात. खुर्चीचे पाय जिथे टेकायचे, नेमक्या त्याच.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही काळजीपोटी त्यालाच बघायला पाठवाल. आणि इथे त्याच्या बसायची सोय होत आली आहे.

तुम्ही जिला अजून 'पोरी' म्हणता,
ती