तीन फुटांचा समुद्र

१९ फेब्रु.
दगडाला पंखा फुटला! सकाळी हॉलमधल्या समुद्री माशांच्या टाकीचा दिवा लावला आणि पाहतो तर काय, मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत ओल्या पेपरात गुंडाळून आलेल्या त्या मुर्दाड दगडाच्या भोकातून एक मोरपिशी पंखा बाहेर. बोट काचेजवळ नेलं की सर्रकन आत. किडा आहे म्हणे. हिवाळाभर दगड म्हणून सांभाळला आणि आत बिऱ्हाड! स्टुडिओतली जवळून फोटो काढायची लेन्स घरी आणून बघत बसलो. तिकडे पासपोर्ट फोटोवाला ताटकळला.
मंगला : "अकोल्यात मानसाले पानी चार दिसाआड, अन् याईचा समुद्र भरून राह्यला." बायकोचं बरोबर आहे. पण पंखा तिनेही दोनदा येऊन पाहिला.

२ मार्च
दर्यापूरकडे जाऊन सासूबाईंना घेऊन आलो. सासरे गेले गेल्या वर्षी. मेहुण्याने वावर मक्त्याने दिलं आणि बायकामुलं घेऊन पुण्याला वॉचमनच्या नोकरीवर गेला. आळीत निम्म्या घरांना कुलपं. मागे सासूबाई मोरीत पडल्या तर शेजारणीला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मंगलाचा जीव थाऱ्यावर नाही.
आल्या, पण अट घालून. "पंधरा दिस राह्यतो, मंग पोचवून द्या." सामान म्हणजे एक पिशवी, तांब्याची घागर आणि गावच्या पाण्याच्या दोन कॅन. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यात. तिथलं पाणी आपल्याला चूळ भरायलाही नको वाटतं, आणि यांना आपलं नळाचं पाणी फिकं लागतं. त्या पाण्याचा चहा मलाही मिळाला. जावई म्हणून संपवला.

५ मार्च
सा.बा. टाकीसमोर पहिल्यांदा बसल्या. मग बटणांसारख्या पोवळ्यांकडे बोट करून,
"जवाईबुवा, हे झाड हाय का जनावर?"
"जनावर."
"मंग तोंड कुठी?"
चिमट्याने खाणं सोडून दाखवलं. एकेका बटणाने कडा मिटून घास आत घेतला. सा.बां.नी डोक्यावरचा पदर सारखा केला, वडीलधारं कोणी आल्यासारखा. "बाप्पा! हे तं पंगतीले बसलं."
मी इतके दिवस पाहतोय, मला हे सुचलं नाही.

१४ मार्च
सकाळी सा.बा. रडवेल्या. "पट्टेवाला गेला." पट्टेवाला म्हणजे आमची कोळंबी. पाठीवर लाल-पांढरा पट्टा, सगळ्या माशांच्या तोंडात शिरून साफसफाई करते, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. खरंच तळाला आडवी पडलेली. सा.बां.नी चहा घेतला नव्हता, सुतकच जणू.
चिमट्याने काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. आत काही नाही. पोकळ. पाय, मिशा, डोळ्यांवरचं झाकणसुद्धा जसंच्या तसं, काचेचं केल्यासारखं. सांगितलं, कात टाकली, नवं अंग कोवळं असतं म्हणून दोन दिवस लपून राहील.
"साप टाकते, मालूम हाय. पन मिशीसकट?"
ती कात त्यांनी देवघरात नेऊन ठेवली.

१६ मार्च
पट्टेवाला कामावर हजर! आणखी लालबुंद. सा.बा. खळखळून हसल्या. सासऱ्यांमागे पहिल्यांदाच. मं. स्वयंपाकघरातून धावत आली, आई हसते की रडते ते बघायला.

२३ मार्च
ऊन आत्ताच पेटलंय. दुपारी लोडशेडिंग, कूलर बंद, टाकीचा पंप बंद. पाणी तापतं, जीव गुदमरतात. मी स्टुडिओत. सा.बा. टाकीतलंच पाणी मगात भरून उचलतात आणि वरून धार सोडतात, वीज येईस्तोवर. हात दुखत नाहीत का विचारलं तर, "वासराले पानी पाजाले कधी हात दुखते का?"
पंधरा दिवस केव्हाच उलटले. घरात कोणी तो विषय काढत नाही. मी तर मुळीच नाही.

२९ मार्च
वाईट दिवस. लग्नाचे फोटो काढायला अमरावतीला गेलो होतो, मं. पण बरोबर. संध्याकाळी परत आलो तर सगळी बटणं मिटलेली. पंखा आत. काचेवरच्या गोगलगाई तळाशी उताण्या. पट्टेवाला कपारीत, मिशा खाली.
पाणी मात्र काठोकाठ.
उन्हाने टाकीतलं पाणी कमी झालेलं सा.बां.नी पाहिलं. मी रोज फिल्टरचं गोडं पाणी घालतो, ते त्यांना पहिल्यापासून खटकत होतं. म्हणून कॅनमध्ये उरलेलं गावचं खारं पाणी रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवून, नमस्कार करून, ओतलं. खाऱ्या पाण्यात तांबं आणखी उतरतं, आणि ते यांना विष. मासे ते निभावून नेतात, पोवळी-कोळंबीसारख्या बिनहाडाच्या जिवांना झेपत नाही.
भडकली ती मं., जिने टाकीला आजवर सवत म्हटलं. "तुले कोनं सांगतलं होतं, आई? कावून हात लावला?"
सा.बा. : "खाऱ्या पान्यातल्या जीवाले खारं पानी देल्लं. तांब्यातलं. देवाले देतो तसं."

३० मार्च
जेवढं होतं तेवढं मुंबईहून मागवलेलं समुद्राचं मीठ कालवून टाकीतलं अर्धं पाणी बदललं. विष शोषायला कोळशाची पिशवी सोडली. बटणं मिटलेलीच. गोगलगाई गेल्या.
सा.बां.ना समजावून सांगितलं. उन्हाने पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून वरून गोडंच घालायचं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आमच्या वावरावानी. उन्हायात जमिनीवर पांढरं फुटते."
"मग तुम्ही काय करता?"
"काई नाई. वरतून गोडं पानी पडाची वाट पाह्यतो."
एवढी वर्षं त्या गावाचा जावई आहे. ते पांढरं शेत गाडीतून कैकदा पाहिलं. आज कळलं ते काय आहे. आमच्या हॉलमध्ये आणि त्यांच्या वावरात एकच गोष्ट चाललेली.
तरी शेवटी म्हणाल्याच, "परवा मले एसटीत बसवून द्या. माह्या हातानं मरून राह्यले जीव." मी म्हटलं, तुमच्याच हाताने उन्हाळ्यात जगले. ऐकलं नसावं.

३१ मार्च
मं. भांडली, रुसली, जेवली नाही. आईची माफीही मागितली. सा.बा. हळूच, "तुह्यावर राग नाई वो माय. पन इथं मी पावनी. मले काम काय?"
मोरीत पडल्या होत्या ते आठवून मला झोप येणार नाही. पट्टेवाला दिसला नाही.

१ एप्रिल
पिशवी दाराशी. घागर लुगड्याच्या धडप्यात बांधलेली. स्टँडवर सोडायला मी गाडीची किल्ली शोधतोय (शोधायची नव्हती, खिशातच होती). सा.बा. शेवटचं म्हणून टाकीपाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.
मागच्या कपारीत पट्टेवाला. आडवा. हलत नाही. अर्धा दगडाआड, त्यामुळे कळेना, तो स्वतः आहे की त्याची कात. चिमट्याने ओढून काढलं की मिनिटात समजलं असतं. बाही वर करून हात पाण्यात घातला.
सा.बां.नी माझं मनगट धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही या बाईने.
"राहू द्या. कात असन तं दोन दिस लपून राह्यते ना ते?"
"हो."
"मंग दोन दिस थांबतो मी."
हात बाहेर काढला. एसटी गेली असेल. त्या स्टूल घेऊन काचेशी बसल्यात. एका बटणाची कड जराशी उचलल्यासारखी वाटते, किंवा माझे डोळे. लेन्स आणायला गेलो नाही.
घागर अजून धडप्यातच आहे. मं.ने तांदूळ मात्र तिघांचे घेतले.