एकतीस वर्षांचा साठा

३ जुलै
विद्यापीठात प्रवेश घेतला. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन मॅनेजमेंट, सहा महिन्यांचा डिप्लोमा. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, आजी, नातवाचा फॉर्म का? मी म्हटलं, नातू अजून बोबडं बोलतो, फॉर्म माझाच आहे. आणि अ‍ॅड्रेसमध्ये दोन डी असतात, तुमच्या छापील फॉर्मवर एकच आहे. त्याने पेनने दुसरा डी घातला.

कारण लिहून ठेवते. हॉस्पिटलचं स्टोअर मी एकतीस वर्षं सांभाळलं. ‘संपलं’ हा शब्द माझ्या खिडकीतून एकदाही बाहेर गेला नाही. रिटायर झाले तर माझ्या खुर्चीत कोण, तर माझीच असिस्टंट, चिमणी. आवाजावरून नाव मीच ठेवलं होतं. तिने म्हणे हा डिप्लोमा केलाय. आल्याआल्या माझे अर्धे रॅक रिकामे केले. ठीक आहे. मीही डिप्लोमा करते, तिच्या कारभारावर रिपोर्ट लिहिते आणि सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर नेऊन ठेवते. महिन्याभरात मला सल्लागार म्हणून परत बोलावतील.

आमचे हे म्हणाले, आणि नाही बोलावलं तर? मी फीची पावती फाइलला लावली.

५ जुलै
पहिला तास. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच स्लाइडवर व्याकरणाची चूक. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरनी अशा चुकीसाठी बाकावर उभं केलं असतं. हात वर करून सांगितली. मॅडमनी आभार मानले, पण चेहरा आभाराचा नव्हता.

निश्चय: पहिला बाक. डिस्टिंक्शन. एका तासात तीनपेक्षा जास्त चुका काढायच्या नाहीत.

६ जुलै
पाच काढल्या. नाइलाज होता.

२६ जुलै
फोरकास्टिंग, म्हणजे पुढे किती लागेल याचा अंदाज. फळा भरून सूत्रं. रॅककडे नुसतं बघून ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी ही सोय असावी. मी काही उतरवून घेतलं नाही.

९ ऑगस्ट
चाचणी. तीसपैकी अकरा. प्रश्नपत्रिकेचं इंग्रजी इतकं भिकार की प्रश्न सुधारण्यातच वेळ गेला. शिवाय चष्मा जुना आहे.

२३ ऑगस्ट
प्रोजेक्ट. तिघांचा गट. एक टॉपर, याला लॅपटॉपशिवाय स्वतःचं वयही सांगता येणार नाही. दुसरी हेडफोन. तिचे कान मी अजून पाहिलेले नाहीत. दोघांना नोकरीसाठी या प्रोजेक्टचे मार्क हवे आहेत. विषय मी दिला: आमच्या हॉस्पिटलचं स्टोअर, पूर्वी आणि आता. टॉपर म्हणाला, आजी, जुना डेटा मिळेल का? मी म्हटलं, एकतीस वर्षांची रजिस्टरं आहेत बाळा, माझ्या अक्षरात, एक खाडाखोड नाही. आणि आजी म्हणू नकोस.

५ सप्टेंबर
स्टोअरला गेलो. रॅक ओसाड! इतका आनंद झाला की चिमणीने दिलेला चहा प्यायले. गॉजच्या पेट्या माझ्या काळी छताला टेकायच्या, आता कमरेपर्यंतही नाहीत. चिमणी चिवचिवली, बाई, लागतं तेवढं दर मंगळवारी येतं. मी म्हटलं, आणि बुधवारी लागलं तर? म्हणाली, अजून लागलं नाही. ‘अजून’ हा शब्द वहीत अधोरेखित केला.

९ सप्टेंबर
वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरची मुलाखत. प्रश्न टॉपरने विचारले. मी शेजारी बसले, म्हणजे सिस्टर खरं बोलतील. फारच बोलल्या. म्हणाल्या, ह्या बाईंच्या वेळी इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या फॉर्मवर, आम्ही शंभर हवे तर दोनशे लिहायचो, कारण बाई निम्मं कापणार हे ठरलेलं. आणि उद्या मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून उरलेलं कपाटात कोंबायचो. एकदा तर इंडेंटवर सही राहिली म्हणून बाईंनी परत पाठवलं आणि आम्ही दुपारभर चादरी फाडून पट्ट्या केल्या, स्टोअर गच्च भरलेलं असताना! असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारून हसल्या. हेडफोनही हसली. म्हणजे कानात काही वाजत नव्हतं.

सही नव्हती तर नव्हती. फॉर्म हा फॉर्म असतो. शिवाय त्या दुप्पट मागायच्या म्हणूनच मी निम्मं कापत होते.

१३ सप्टेंबर
चार वॉर्डांची कपाटं मोजली. लपवलेले हातमोजे, तीन हजार चारशे जोड. सगळ्यांवर माझा शिक्का, सगळ्यांची मुदत संपलेली. याचा अर्थ स्वच्छ आहे: माझ्या काळात सगळ्यांना भरपूर मिळत होतं. टॉपरने वेगळा अर्थ काढलाय. या पिढीला पुरावा वाचता येत नाही.

२० सप्टेंबर
आज मॅडमनी आमचाच विषय शिकवला. तुटवड्याच्या भीतीने लोक खोटी मागणी वाढवतात आणि साखळी बिघडते. मी उभी राहून आमच्या वॉर्डांचं उदाहरण दिलं, सिस्टर लोकांची लबाडी उघडी पाडली. वर्ग मन लावून ऐकत होता. मॅडमनी विचारलं, त्या दुप्पट का मागायच्या? मी म्हटलं, मी निम्मं कापायचे म्हणून. आणि तुम्ही निम्मं का कापायच्या? त्या दुप्पट मागायच्या म्हणून. मागून कुणीतरी म्हणालं, मग सुरुवात कोणी केली? मी म्हटलं, तास संपलाय. अजून वीस मिनिटं होती.

४ ऑक्टोबर
टॉपरने आलेख काढला. मी रिटायर झाले त्या महिन्यात वॉर्डांची मागणी एकदम निम्म्यावर. पेशंट तेवढेच. म्हटलं, हा आलेख काढून टाक. म्हणाला, आजी, आधीचे आकडे तुमच्याच रजिस्टरमधले आहेत, एक खाडाखोड नाही. हेडफोनने हेडफोन काढले (कान व्यवस्थित आहेत) आणि म्हणाली, आजी, आम्हाला नोकरी लागायचीय हो. दोन विरुद्ध एक.

दुपारभर रजिस्टर घेऊन बसले. टॉपरच्या बेरजेत चूक शोधत होते. एक सापडली. ती माझ्या फायद्याची होती. सुधारल्यावर आलेख आणखी खाली आला.

१८ ऑक्टोबर
प्रेझेंटेशन. वर्गात पहिला नंबर. मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या, स्वतःच्या कामाकडे इतक्या प्रामाणिकपणे बघणारा विद्यार्थी मी पाहिला नाही. टाळ्या. हेडफोन रडली. प्रामाणिकपणा वगैरे माझा विचार नव्हता, हे सांगायला उभी राहिले, तर टाळ्या वाढल्या. बसले.

रिपोर्टची प्रत सुपरिंटेंडेंटना मॅडमनीच पाठवली.

२५ ऑक्टोबर, सकाळी दहा
सुपरिंटेंडेंटचा फोन! भेटायला बोलावलंय. ह्यांना म्हटलं, बघा. हे म्हणाले, बघतो. चांगले कपडे इस्त्री केले. अटी कागदावर लिहिल्या: वेगळं टेबल, आठवड्यात तीनच दिवस, चिमणीने आधी विचारल्याशिवाय एक पेटी हलवायची नाही.

संध्याकाळी पाच
कागद पर्समधून काढला नाही. इतर हॉस्पिटलांच्या स्टोअरवाल्यांसाठी शिबिर आहे. दिवसभर चिमणी शिकवणार. अकरा ते बारा मी. वेळापत्रकात माझ्या नावासमोर विषय लिहिलाय, ‘पूर्वीची पद्धत आणि तिचे परिणाम’. सुपरिंटेंडेंट म्हणाले, तुमच्याइतकं हे कोण सांगू शकेल? खरं आहे. कोणी नाही सांगू शकणार.

हो म्हणाले.

बाहेर आल्यावर चिमणीने विचारलं, बाई, तुमच्या आलेखाच्या प्रती किती काढू? मी विचारलं, माणसं किती? म्हणाली, बावीस. जिभेवर चाळीस आले होते. ती पेन धरून उभी होती, मी सांगेन तो आकडा लिहायला.

बावीस, म्हटलं.