आबांची टेकडी

८ जाने., गुरु.
मंडळाचे सेक्रेटरी काचीगुड्याला माझ्या माइक-स्पीकरच्या दुकानात येऊन गेले. २६ ला नामपल्लीच्या हॉलात आबांचा, माझ्या वडिलांचा, सत्कार. शंभरी + ब्रह्मदेशाची लढाई. माइक-सेट आपलाच, हे न विचारताच ठरलं. टेस्टिंगला बाकीचे हॅलो-हॅलो करतात, मी चाळीस वर्षं आबांची टेकडी सांगतो : होडीतून उतरले, मांडीभर चिखल, वरून जपान्यांच्या गोळ्या, आणि माथ्यावर पहिले आमचे आबा. अख्ख्या मंडळाला पाठ.

११, रवि.
आबांना सत्काराचं कार्ड वाचून दाखवलं. 'टेकडीवर पहिलं पाऊल.' परत वाच म्हणाले. मग, हे कुणी सांगितलं? म्हटलं, लोक म्हणतात. जेवले नाहीत.

१४, बुध. संक्रांत.
तिळगूळ द्यायला गेलो तर आबांनी हात धरला. हळूहळू बोलले. खारफुटीत उतरले तेव्हा गोळ्यांची पेटी वर न्यायची पाळी त्यांची. पाय रुतल्याचं सोंग केलं. जोडीदार भिवा म्हणाला, दे इकडं. पेटी माथ्यावर पोचली. भिवा तिथंच राहिला.
"मी टेकडी खालूनच पाहिली रे."
स्पीकरातली केसाएवढी खरखर पकडतो मी. घरातली सुटली.

१७, शनि.
भिवाचा नातू मिलिंद कुकटपल्लीला असतो, नोकरी. आबा दर दिवाळीला त्याच्याकडे फराळ पाठवतात. मी समजायचो, नुसती फौजेतली ओळख. त्या घरी आबांनीच सांगितलेलं, भिवा होडीत तापानं गेला. आज आबांनी माझ्याकडून त्याला आमंत्रणाचा फोन करवला. बिचारा खूश. "आमचे आजोबा तर उतरलेच नाहीत, काका. पण तुमच्या आबांची टेकडी मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो."
हौ, बरं, म्हणून फोन ठेवला.

२१, बुध.
बायको म्हणते, त्यांना बोलूच देऊ नका. शाल, फोटो, घरी. माझ्याही मनात तेच होतं. चाळीस वर्षांचा माझा आवाज आहे त्या खोट्यात. आबांना म्हटलं, दम लागतो तुम्हाला, तुमच्या वतीनं मी बोलतो.
"नक्को. तू लई बोललास."

२४, शनि.
झोप नाही. आबा चक्क घोरताहेत. स्टेजवर बोलले तर मिलिंद सगळ्यांदेखत ऐकणार. न बोलता गेले तर आम्हा नवराबायकोलाच माहीत. दोन्ही नको वाटतं.
सकाळी आबाच म्हणाले, मिलिंदला आधी घरी बोलव. हॉलात नको.

२६, सोम.
पावणेआठ. सेट पोरांबरोबर पुढं पाठवला. आबा दाढी करून, कोट घालून खुर्चीत. बायकोनं तीन कप मांडलेत. मिलिंद आठला येतोय, बायकोपोरांना घेऊन. आबांना वाटलं होतं एकटाच येईल. मी म्हटलं, पुढं ढकलू या का? आबांनी नाही म्हणून मान हलवली.
"सुरुवात तू कर. मला चिखलापर्यंत आण. पुढचं मी सांगतो."
खाली गाडी थांबली. लहान मुलांचे आवाज. दोन आहेत.